समता चिकन सेंटर

बोपोडीच्या फाटकाशी आण्णांचं दुकान.
रविवारी सातला ते विहारात,
पांढरा सदरा, बसताना वाजणारे गुडघे,
पाणातिपाता वेरमणी...
साडेआठला शटर वर,
सदरा खिळ्याला, एप्रन गळ्यात.
मला यात काही खटकायचं नाही.
माझी फी त्याच गल्ल्यातून निघायची,
पिसांचा वास लागलेल्या नोटांत.

आईला खटकायचं.
भोजनदानाला वांग्याची भाजी वाढता वाढता
तिनं एकदा भन्तेंना विचारलंच.
भन्ते भंडाऱ्याकडचे, मऊ बोलणारे. म्हणाले,
"शील म्हणजे चौकातला पोलीस नाही, बाई.
तुम्हीच घेता. मोडतं तेव्हा तुम्हालाच ऐकू येतं.
रविवारी परत घ्यायचं."
आण्णांनी मान वर केली नाही.
भाकरी अर्धीच खाल्ली.

मग ती गावरान.
खास गिऱ्हाईकाची, आदल्या रात्री सांगून ठेवलेली.
काट्यावर ठेवली : एक किलो तीनशे चाळीस.
पाय बांधलेले, डोळा पिवळा, कुठंच न बघणारा.
आण्णांनी उचलली
आणि पारड्यात अंडं राहिलं.
ओलं, कोमट.
काट्यावर चाळीस ग्रॅम.

गिऱ्हाईक हसलं, "हे फ्री ना?"
आण्णा थांबले.
फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं.
मग त्यांनी त्यांचं काम केलं.
गोष्टीत सोडून देतात. दुकानात नाही.

अंडं सदऱ्याच्या खिशातून घरी आलं,
हळदीच्या डब्यामागं महिनाभर राहिलं.
कुणी फोडलं नाही, कुणी टाकलं नाही.
तेव्हापासून मला तो घास उतरेना.
का, ते कुणी विचारलं नाही.
रस्सा वाढताना आण्णा माझ्या ताटाशी
पळी वर उचलून धरायचे, फाटकाच्या दांडीसारखी,
आणि वरण पुढं सरकवायचे.

चार वर्षं.

परवा प्रभात रोडला घर बघायला गेले.
गल्लीत सावली, बाल्कनीत मधुमालती.
देवस्थळी काकू मोठ्या सौजन्याच्या,
तांब्या-भांडं पुढं ठेवलं.
"ओव्हाळ म्हणजे...?"
वाक्य तिथंच दारात सोडलं, पायपुसण्यासारखं.
मग, "खाता का हो तुम्ही?"
काय, ते म्हणायचं नसतं.
इथं या क्रियापदाला कर्म लागत नाही.

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. खरंही होतं.
किल्ली टीपॉयवरच होती.
पण त्यांच्या 'नाही'त माझी कोंबडी मावेना.
त्यांच्या 'नाही'त आण्णा जिन्यातच उभे होते
चपला हातात घेऊन.

"खाते," मी म्हटलं.

चौथं शील मोडलं तेव्हा
ऐकू आलं मला. बारीक असतो तो आवाज,
कवचाएवढा.

परतले तर आण्णा शटर ओढायच्या बेतात.
"मिळालं?"
"नाही. खाते म्हणून सांगितलं."
ते बघत राहिले.
हातात पाण्याची वाटी, जाळीजाळीतून फिरणारी,
एकेका चोचीशी थांबणारी.
उद्याच्या चोची त्या.

"रविवारी ये विहारात," म्हणाले.
"मलाही परत घ्यायचंय."