पान उलटणारा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी आमचा हंगाम उघडतो.
खजुराचा नव्हे, तो केव्हाच उरकलेला.
परीक्षा हॉलातल्या चाळीस खुर्च्यांचा.
त्या मीच लावतो, पाठीवरचे आसनक्रमांक न पुसता,
त्यामुळे डीनसाहेब कधी एकशे सातवर बसतात
आणि कॉपी करतोय असं दाखवून शेजाऱ्याकडे वाकतात.
दरवर्षी. निझवात एवढाच विनोद चालतो.

मी एरवी रसायनाच्या लॅबमध्ये ब्युरेट धुतो.
इलिंकाबाईंनी मला निवडलं,
कारण माझा हात थरथरत नाही.
नोटेशन वाचता येतं?
नाही.
उत्तम, म्हणाल्या, म्हणजे तू ऐकत बसणार नाहीस.
माझ्या हनुवटीकडे बघ. खाली गेली की पान.

तर संगीतातलं मला जे कळतं
ते एका हनुवटीएवढं.
तिच्यावर एक जुना व्रण आहे, पियानोपेक्षा जुना.
अकोल्याहून बायको फोन कानाला धरून ऐकते
आणि दहा मिनिटांनी विचारते,
हे सगळं ठीक, पण गाणं केव्हा सुरू होतं?

हॉलचा एसी घोरतो.
संथ भाग आला की दुर मोहम्मद
पाय न वाजवता जातो आणि बटण बंद करतो.
ऑक्टोबरात चार मिनिटं,
तेवढ्यात चाळीस पाठी ओल्या.
नोव्हेंबरात अख्खा संथ भाग.
डिसेंबरात एसीची आठवणही नाही, खिडक्या सताड,
बाहेर खजुरांच्या बुंध्यांशी फलजचं पाणी
आपल्या पाळीने कुणाच्या तरी वाफ्यात वळतं
आणि एखादी शेळी नेमकी शांततेत बोलते.
भूगर्भशास्त्राचे डॉ. मुअताज
व्हायोलिन खाली न घेता तिला मान देतात.

जानेवारीत माझ्या बोटांत दोन पानं एकदम आली.
हनुवटी वर उठली.
बाई थांबल्या नाहीत, न दिसणारं पान वाजवत राहिल्या,
मी चोरासारखा एक पान मागे आणेपर्यंत.
नंतर पुऱ्यांच्या टेबलापाशी म्हणाल्या,
ते मला पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.
त्या पुऱ्या मीच तळल्या होत्या. त्यावर काही बोलल्या नाहीत.

मार्चमध्ये रोडेलचं कंत्राट संपलं.
दिवसा डायलिसिसची यंत्रं सांभाळायचा, रात्री चेलो.
दोन्हीकडे नळ्यांतून काहीतरी वाहतं ठेवायचं, म्हणायचा,
आणि स्वतःच हसायचा, कारण चेलोला नळ्या नसतात.
विमानात चेलोला वेगळी सीट लागते.
दोन तिकिटांचा हिशेब त्याने
माझ्याच लॅबवहीच्या मागच्या पानावर केला,
तीनदा, तीनदा तोच आला.
चेलो राहिला. रोडेल गेला.

एप्रिलचा शेवटचा गुरुवार.
बाहेर रात्री आठला एकोणचाळीस.
चेलोचे स्वर शैमा व्हायोलावर घेते,
झेपतील तेवढे. खालचे सोडून देते.
चेलो माझ्या मागे कोपऱ्यात,
उंटांच्या छापाच्या चादरीत, उभा.
संथ भाग आला.
दुर मोहम्मदचा हात बटणावर गेला,
बाईंनी मान हलवली: राहू दे.
पुढच्या रांगेत एक म्हातारे प्राध्यापक होते,
बहुधा त्यांच्यासाठी. बहुधा नुसत्या उकाड्यासाठी.

मग ते तिघं वाजवू लागले
आणि खाली, जिथे शैमा पोचत नव्हती तिथे,
तो एसी एकच सूर धरून बसला,
जाड, हट्टी, कुणीही न लिहिलेला.
सहा महिने मी त्याला आवाज समजत होतो.
शैमा त्याच्यावर उतरायची, टेकायची, पुन्हा वर जायची.
माझ्या मागे चादरीच्या आत
एक तार बारीक हलली असावी,
किंवा मला तसं हवं होतं.

हनुवटी खाली गेली.
मी ऐकत बसलो होतो.