खोकायची रीत

गोंदरच्या इस्पितळात, मागच्या इमारतीत
आम्ही सहा जणी
आणि प्लास्टरचं एक कटिहाड,
माकडहाड तुटून दोऱ्याने बांधलेलं.
वर्किनेश बाई म्हणाल्या, पुस्तकातलं नाव नको,
तुमची आई या जागेला काय म्हणते ते लिहा.

पाच चिठ्ठ्या कोऱ्या.
सहावीवर नुसतं, ‘तिथे’.
ती माझी.

गुडघे, खांदे, लकवा, मोडून जुळलेली मनगटं,
वर्षानुवर्षं हाताखालून गेलेली.
इथे मात्र जीभ टाळ्याला.

मग मी सांगून टाकलं, का कोण जाणे,
आमच्या डोंगरात झऱ्यावरच्या बाया
खोकला आला की पाठीवरचा कॅन टेकवायच्या,
पायाला पाय आवळून धरायच्या
आणि मगच खोकायच्या.
लहानपणी मीही तसंच करायचे.
मला वाटायचं, मोठं झाल्यावर
खोकायची रीतच ती.

कुणी हसलं नाही.
त्सिगेरेडाने उठून खिडकी लावून घेतली.

बाई म्हणाल्या, हा स्नायूंचा झुला,
पुढच्या हाडापासून मागच्या हाडापर्यंत टांगलेला.
सैलावतो. आवळता येतो.
आधी आपापल्या अंगावर शिका.
सहा जणी खुर्चीत ताठ, श्वास सोडत,
आत काहीतरी उचलतोय, बाहेर काही हलत नाही.
रखवालदार डोकावला
आणि प्रार्थना समजून टोपी काढून गेला.

तिसऱ्या आठवड्यात अस्नाकेच आली.
खुर्चीवर आधी स्वतःचा प्लास्टिकचा कागद पसरला,
मग बसली.
मी विचारलं, लघवी गळते का?
नाही म्हणाली, भिंतीकडे बघत.
बाईंनी मला हाताने थांबवलं.
झऱ्यावरून घरी येताना कितीदा थांबतेस गं?
पूर्वी एकदा, ती म्हणाली.
आता मोजत नाही.
आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता,
चार वर्षं मी देवळाच्या कुंपणाबाहेरून हात जोडते.

वहीत त्या दिवशी मी स्नायूचं नाव लिहिलं नाही.
लिहिलं, पाण्यापासून सुरुवात करावी.

रात्री घरी फोन लावला.
सातु यंदा बरा आला, आई सांगत होती,
मध्येच खोकली.
विचारलं, बसली आहेस की उभी?
उभी. का?
आणि पाय?

बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
मग म्हणाली,
थांब, दार लावून येते.