वरची पापणी

सावली नावाच्या तालुक्यात त्यांचा कारखाना आहे.
सावली म्हणजे काय, हे मी सांगितलं तेव्हा
माझ्या पेन्सिलीकडे बघून
मोरिवाकीसान पहिल्यांदा हसले.

तोवर दोन चित्रं वाया गेली होती.

पहिल्यात मी डोळ्यांच्या दोन तिरप्या रेघा मारल्या.
हात आपोआप गेला तिकडे, शाळेत
वहीच्या मागच्या पानावर जायचा तसा.
चाळीस वर्षं दांडिया बाजारात चित्रकला शिकवतेय,
पोरांवर रोज ओरडते,
माहीत आहे ते काढू नका रे, दिसतं ते काढा.
मोरिवाकीसान कागद दोन्ही हातांत धरून
बराच वेळ बघत राहिले.
मग मान लववून म्हणाले,
फार सुंदर. हे कोण आहेत?

दुसऱ्यात नाकानं फसवलं.
आमच्याकडे नाक म्हणजे सुरुवात,
कपाळातून सरळ खाली उतरायचं,
एका अंगाला अंधार टाकला की चेहरा उभा.
इथे दोन डोळ्यांच्या मध्ये उजेड पसरट,
सुरसागरावर सकाळी असतो तसा,
कड कुठे संपते कळतच नाही.
मी कड काढली.
कागदावर आमचे दिगंबरमामा आले,
कुणावर तरी रुसलेले.

तिसऱ्या रविवारी पेन्सिल खालीच ठेवली.
बशीत लीलो चिवडो दिला.
मिरची लागली, त्यांचे डोळे भरून आले
आणि मला वरची पापणी दिसली.
एक घडी, आतल्या कोपऱ्यावरून नाकाकडे उतरणारी,
चादरीचं टोक गादीखाली दुमडावं
इतकी निवांत.
उजव्या डोळ्याला घडी एक, डाव्याला दीड.
पापण्यांचे केस खाली वळलेले,
म्हणून चमक बुबुळात नाही,
खालच्या ओल्या काठावर.
भुवईत चण्याएवढं टक्कल,
वेल्डिंगची ठिणगी, वय एकवीस,
हे त्यांनी बोटं मोजून सांगितलं.
मी विचारलं, हे काढू?
ते म्हणाले, आई आधी तेच शोधेल.

एक सांगायचं राहिलं.
मधल्या आठवड्यात पारुलबेन डोकावून गेल्या होत्या.
त्याची कशाला वाट बघतेस गं,
आपल्या बहादूरला बसव समोर, एक ज वात छे!
मी बसवला.
अकरा वर्षं आमच्या फाटकावर असलेला माणूस
टोपी काढून स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात.
काहीच एक नव्हतं.
जबडा रुंद, ओठ शिट्टी वाजवून वाजवून
डावीकडे सरकलेला,
नाकाला तर चक्क कड होती.
कागदाखाली लिहायला पूर्ण नाव विचारलं.
धनबीर, म्हणाला. धनबीर घर्ती.
आणि बहादूर?
तो माझ्या आधी होता, दीदी. गेला तो गावी.

मोरिवाकीसानांचं चित्र पोचलं त्यांच्या आईकडे.
तिनं फोनवर विचारलं म्हणे,
एवढा वाळलास का, तिकडे भात मिळत नाही?
हे सांगताना त्यांनी
भुवईवरून अंगठा फिरवला.

धनबीरचं अजून ओठांपाशी अडलंय.
गाडी आली की तो उठतो,
फाटक उघडतो, परत येऊन बसतो,
दर वेळी थोडा वेगळा.