दोर

दोर सुताचा आहे. वीस फूट.
भिकन सर म्हणाले, कापूस आपल्याकडचाच, धरणगावचा असेल.
"असेल" मला चालत नाही.
मी दुकानदाराला तीनदा फोन केला.
त्याला माहीत नव्हतं. चौथ्यांदा त्याने उचलला नाही.
म्हणून मी एवढंच म्हणते : दोर सुताचा आहे.

मे महिन्यात अमळनेरात पत्रे तापतात,
व्यायामशाळेत पहाटे साडेपाचलाच जावं लागतं.
बोरीच्या पात्रात तेव्हा फक्त कुत्री
आणि एक म्हातारा, जो रोज विचारतो, "काय बेटा, एकटीच?"
हो.
प्रश्न तोच असला की मला आवडतो.

उजव्या पायाचा अंगठा, त्याशेजारचं बोट,
मधे दोर.
सलामी. मग आढी.
मग तो मांडीवरून, पाठीवरून, काखेतून फिरतो
आणि आवळतो.

लग्नात माणसं आवळतात ना,
मागून येऊन, अत्तर लावून,
"ओळखलं का मला?" विचारत –
तसं नाही.
मी ओढला तेवढाच दोर आवळतो,
सोडला की सोडतो,
नंतर रुसत नाही.

सातवीत कबड्डीत होते मी. चार दिवस.
सगळ्याजणी एकाच वेळी ओरडायच्या,
मी कान झाकले, हात सुटले, साखळी तुटली.
मग मला पाणी द्यायला ठेवलं.
पाणी मी नीट दिलं. सात ग्लास, सारखे भरलेले.

सोळाव्या फुटावर आवाज पातळ होतात.
जिनिंगचा भोंगासुद्धा
कापसात गुंडाळून पाठवल्यासारखा येतो.
तिथे मी शवासन घालते,
दोरावर आडवी, हात सैल,
आणि हसू येतं. पोटातून.
कोणी काही बोललेलं नसतं.

जळगावच्या स्पर्धेत नव्वद सेकंद होते.
घंटा झाली. मी ऐकली.
पण डाव्या पायाने धरायचं राहिलं होतं,
आणि उजव्याने केलं की डाव्याने करायचंच.
केलं. गुण कापले.
अकरा जणींत नववी.
भिकन सर खाली कपाळाला हात लावून उभे,
मग तोच हात वर करून – ये, सावकाश ये.

मोठी आई आली होती बघायला,
पूर्ण वेळ पदर तोंडात धरून.
विचारते, "काय से वं माय इतलं वर?"

मी विचार केला. बसमध्ये बसेपर्यंत केला.
"हूक आहे," म्हटलं. "लोखंडी.
फिरताना कुरकुरतो.
उद्या मी त्याला तेल घालणार आहे."