साखरेचा थर

डिसेंबरातला रविवार. एरंडवण्यात, क्लबच्या खोलीत
पोळपाट तिरका धरून मी बर्फ शिकवते.
खाली साखर. वर मैदा, तळव्याने दाबून.

"घट्ट वाटतंय ना?"
अठरा माना हलतात.
बाहेर स्वेटर काढायला लावणारं ऊन.

साखर म्हणजे मोसमातला पहिला बर्फ,
निरभ्र रात्रींनी आतल्या आत कोरडा केलेला,
कण कणाला धरत नाही असा.
वरून चालणाऱ्याला तो दिसत नाही.

पोळपाट आणखी कलतो. अडतीस अंश.
काहीच होत नाही.
मग कडेला एक टिचकी,
आणि सगळा मैदा एकदम, अख्खा,
सतरंजीवर.

मुलं हसतात.
निरंजनही हसला होता, इथेच, पुढच्या रांगेत:
"मॅडम, आता शंकरपाळेच करा."

त्याचा बीकन परत आला तेव्हा चालू होता.
दर वर्षी मी त्यातले सेल बदलते.
कुणी विचारलंच तर म्हणते, वर्गासाठी लागतो.

मैदा झटकला जातो.
साखर उरते सतरंजीच्या विणीत.
संध्याकाळी कुलूप लावताना बघते:
मुंग्या निघाल्यात पलीकडे,
एकेक, मध्ये अंतर ठेवून,
शिकवल्यासारख्या.