ठरवाठरवी

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बुधवार.
शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड, म्हणून बुधवार.
हे मी लिहितोय टॅलीच्या जुन्या वहीत,
जिच्या डाव्या रकान्यात अजून आहेत
बार्जांची नावं, खनिजाचे टन,
आणि एका मार्चमध्ये, पेन्सिलनं:
‘आज मासे उडाले.’

मुरगाव बंदरात एकतीस वर्षं क्रेनवर होतो.
केबिनमधून समुद्र दिसायचा
पातेल्यावरच्या झाकणासारखा,
कधी निळा, कधी गंजलेला.
झाकण उचलून बघावं
असं वाटलं नाही. कामावर होतो.

आता वाटतं.
बायणाहून होडी सुटते सकाळी आठला,
तासाभरात ग्रांदी बेट.
बेटाच्या पाठीला, बारा मीटर खाली, प्रवाळ,
आणि प्रवाळाच्या कपारीत, म्हणतात, मोरी.

“मोरी?” कुमुदिनीनं सुरी थांबवली.
“आपण आंबटतिक करतो ती?”
“तीच. नाहीतर तिची आत्या.”

खर्च: साडेसहा हजार, दोन बुड्या, जेवणासकट.
कुमुदिनी बुडणार नाही. ती होडीत बसणार,
आल्याचे तुकडे आणि टॉवेल घेऊन.
तिचे वेगळे आठशे.

फॉर्ममध्ये दोन पानं प्रश्न.
दमा? नाही. फिट? नाही. कान फुटलाय?
डावा, थोडा, क्रेनच्या भोंग्यानं.
रक्तदाबापाशी पेन जरा रेंगाळलं.
डॉक्टर केंकऱ्यांनी सही केली,
म्हणाले, “जा. पण शार्कला सांगा, सावकाश ये.”

तयारी म्हणून महिनाभर
न्हाणीघरात, बादलीत तोंड घालून
श्वास रोखत होतो.
कुमुदिनी स्वयंपाकघरातून शिट्ट्या मोजायची.
डाळीच्या पहिल्या शिट्टीपर्यंत कधीच पोचलो नाही,
पण एकदा जवळजवळ.

मग एल्विटो भेटला.
माझ्या शिफ्टमधल्या इनासचा नातू,
मान उन्हानं तांब्याची, बोलणं कमी.
त्याला मी बादलीचं सांगितलं, जरा ऐटीतच.
तो हसला नाही. म्हणाला,
“अंकल, खाली एकच कायदा.
श्वास रोखायचा नाही. कधीच नाही.
घ्यायचा, सोडायचा. घ्यायचा, सोडायचा.
रोखला तर फुप्फुस फाटतं वर येताना.”

मी बराच वेळ काही बोललो नाही.
खनिजाची धूळ उठली की
आम्ही सगळे श्वास रोखायचो, बकेट वर जाईपर्यंत.
कुणी शिकवलं नव्हतं.
इनास तर घरी जेवतानासुद्धा
मध्येच थांबायचा तसा.

“आणि मोरी?” मी विचारलं.
“नशीब आसल्यार मेळटली, बाब.
बांबू शार्क, मांजराएवढी, खडकाखाली निजते.
पाणी गढूळ असलं तर तुम्हाला
तुमचा हातसुद्धा मेळचो ना.”

परवा वास्कोच्या मासळीबाजारात
ज्योकिनाच्या पाटीत सात पिल्लं होती.
हाताएवढी, करडी,
डोळे मांजरासारखे उभे, उघडे.
“घेतलो मरे, ताजी आसा,” ती म्हणाली.
मी एकीच्या पाठीवरून बोट फिरवलं.
शेपटीकडून डोक्याकडे गेलं तर कानशीसारखी खरखरीत,
उलट गेलं तर मऊ.
इतकी वर्षं खाल्ली,
हे कधी कळलं नव्हतं. सोलून यायची.

ज्योकिनानं विचारलं, किती देऊ?
मी म्हटलं, आज नको.
ती गिऱ्हाइकावर रागावते तशी रागावली.

तर ठरलंय ते एवढंच:
बुधवार, सकाळी आठ, बायणा.
डावा कान पुन्हा दाखवायचा.
बादली जागेवर ठेवली, तीत आता कपडे भिजतात.
रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून
मी नुसता श्वास घेतो, सोडतो.
शेजारच्या पेडणेकरांना वाटतं योग करतोय.

कुमुदिनीनं काल विचारलं,
आल्यावर जेवायला काय करू?
काहीही कर, म्हटलं.
ती थांबली. मीही.
“भेंडी,” ती म्हणाली.