वजू

हौदाच्या काठावर बसून
तीनदा हात धुतले, तीनदा चूळ भरली.
शरफूचं नाव दाताच्या फटीत तसंच.

अकरा वर्षं झाली डोंगरीच्या खोलीला.
अब्बांची सही त्यानं घेतली, की त्यांनीच दिली,
सांगायला अब्बा नाहीत.
मी रोज असरला
त्याच्या मागच्या सफेत, त्याची मान बघत.

सजद्यात कपाळ टेकतं.
छातीत मात्र काहीतरी कळकलेलं,
कल्हई उडालेल्या पातेल्यात
ताक ठेवावं तसं.

आज निघताना
पायरीवर त्याच्या चपला उलट्या पडलेल्या.
एकीचा अंगठा तारेनं बांधलेला.

सुलट्या करून ठेवल्या. एवढंच.
कुणी पाहिलं नाही.
नळबाजारापर्यंत चालत आलो
तेव्हा कळलं, आपण कुणाशीच
मनात भांडत नव्हतो.

उद्या सलाम करीन.
बहुतेक.